श्रेबरगार्टन

जर्मनीतील शहरवासीयांनी मंडळ स्थापून भाडेपट्ट्याने घेतलेल्या लहान बागांची वसाहत. कायद्यात यांना ‘क्लाइनगार्टन’ म्हणतात. ‘श्रेबरगार्टन’ हे बोलण्यातले नाव आहे. एका आवारात काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत बागा असतात. दर बागेत भाजीचे वाफे, फळझाडे, थोडी हिरवळ आणि ‘लाउबे’ नावाची छोटी खोपी असते. देशात अशा सुमारे ९ लाख बागा आहेत. एकट्या बर्लिनमध्ये त्या ७० हजारांच्या आसपास, तर त्याहून बऱ्याच लहान असलेल्या लाइपझिगमध्ये सुमारे ३९ हजार आहेत. वस्तीच्या मानाने पाहता लाइपझिगचा मान मोठा आहे.

उगम : या बागांचे श्रेय लोकसमजुतीत डॉ. डॅनिएल गॉटलोब मोरिट्झ श्रेबर (१८०८–६१) यांना दिले जाते. लाइपझिगचे हे अस्थिव्यंगतज्ज्ञ मुलांचा व्यायाम, बसण्या-उठण्याची ढब आणि शहरी मुलांना लागणारे मोकळ्या हवेतले खेळ यांविषयी लिहीत असत. त्यांची शिस्त कठोर होती. मुलांनी ताठ बसावे म्हणून त्यांनी पट्टे आणि आधारांची उपकरणेही तयार केली होती. (त्यांचे पुत्र न्यायाधीश डॅनिएल पाउल श्रेबर यांनी स्वतःच्या मनोविकाराच्या आठवणी लिहिल्या. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९११ मध्ये त्यांवर विवेचन केल्याने हे घराणे मनोविश्लेषणाच्या इतिहासातही अभ्यासले जाते.) मात्र बागांची योजना श्रेबर यांनी मांडलेली नव्हती, आणि त्यांच्या नावाचे मंडळ निघाले तेही त्यांच्या निधनानंतर.

शाळाप्रमुख एर्न्स्ट इनोझेन्झ हाउशिल्ड (१८०८–६६) यांनी १८६४ मध्ये लाइपझिगच्या पश्चिम भागात पालक आणि शिक्षकांचे मंडळ काढले व श्रेबर यांच्या स्मरणार्थ त्याला त्यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी मंडळाने मुलांसाठी क्रीडांगण खुले केले. त्यातही बाग नव्हती. काही वर्षांनी, बहुधा १८६८ च्या सुमारास, कार्ल गेझेल या निवृत्त शिक्षकांनी क्रीडांगणाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलांना वाफ्यांचा लवकरच कंटाळा आला आणि तण माजले. मग आईवडिलांनी खुरपी हाती घेतली, मुलांच्या वाफ्यांचे कुटुंबांचे वाफे झाले, भोवती कुंपणे आली आणि कुंपणांआड खोप्या उभ्या राहिल्या. १८७६ मध्ये हे मंडळ आजच्या आखेनर श्ट्रासेवरील जागेत गेले. तेथील जुन्या मंडळगृहात १९९६ पासून जर्मन बागकरी संग्रहालय आहे.

दुसरा प्रवाह याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्लेस्विग-होल्श्टाइन भागात गरिबांना भाजीपाला पिकवण्यासाठी अल्प भाड्याने जमिनी दिल्या जात. श्लाय खाडीकाठच्या काप्पेल्न गावातील १८१४ ची व्यवस्था काही अभ्यासक जर्मनीतील पहिले बागमंडळ मानतात. बर्लिनमधील ‘लाउबेन’ वसाहतींचा मार्ग आणखी वेगळा. तेथे घरांच्या टंचाईने गांजलेल्या कामगारांनी शहराच्या कडेच्या पडीक जमिनीवर बटाटे लावले व खोप्या बांधल्या. या जमिनी बऱ्याचदा मध्यस्थ ठेकेदार एकगठ्ठा घेत आणि तुकडे पाडून पोटभाड्याने देत. भाडेकरूंनी बिअर ठेकेदाराच्याच गुत्त्यावर प्यावी अशी सक्तीही असे. रेल्वे व कारखान्यांनी आपल्या कामगारांसाठी ठेवलेल्या बागा आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रेड क्रॉसने काढलेल्या कामगारबागा हे आणखी दोन उपप्रवाह होत.

यांपैकी मूळ कोणते, यावर एकमत नाही. जमीन छोट्या तुकड्यांत भाड्याने देण्याची रीत पाहिली, तर काप्पेल्नचा दावा जुना ठरतो. परंतु आज या वसाहतींत उन्हाळाभर जे सामूहिक जीवन दिसते, त्याचा मागोवा घेताना लाइपझिगचा धागा अधिक बळकट वाटतो. तेथील जुन्या वसाहतींची आखणीच बोलकी आहे : मधोमध मुलांचे मोकळे मैदान, एका बाजूस मंडळगृह आणि सभोवार बागा. गरीबबागांत असे मैदान असण्याचे कारण नव्हते. शाळेच्या उन्हाळी सुटीत लाइपझिगची श्रेबर मंडळे गरीब मुलांना या मैदानांवर दिवसभर खेळवीत व दूध-पाव देत. हल्लीच्या बागोत्सवांचे मूळ या उपक्रमांत शोधणे वावगे ठरणार नाही.

कायदा व भाडेपट्टा : पहिल्या महायुद्धातील उपासमारीनंतर ३१ जुलै १९१९ च्या कायद्याने भाड्यावर मर्यादा आली, मनमानी बेदखलीला आळा बसला आणि नफेखोर मध्यस्थांची सद्दी संपली. सध्या १९८३ चा संघीय बागकायदा लागू आहे. त्यानुसार बाग ४०० चौ. मी.पेक्षा मोठी नसावी. लाउबे साधी असावी, आच्छादित ओसरी धरून २४ चौ. मी.च्या आत असावी आणि कायम राहण्याजोगी नसावी. बागेचा ‘बागकामासाठी’ वापर म्हणजे नेमके काय, हा वाद पुढे संघीय न्यायालयात गेला. २००४ च्या निकालाने साधारण एक तृतीयांश जागेत फळे-भाज्या असाव्यात ही कसोटी मान्य झाली. हा नियम बाहेरच्यांना जाचक वाटतो, पण सगळी व्यवस्था त्यावरच तोलली आहे. शेतजमिनीच्या दराशी बांधलेले कमी भाडे मिळते ते तेथे पीक निघते म्हणून. नुसती हिरवळ आणि पोहण्याचा हौद राहिला, तर शहरातील मोक्याची जमीन या दराने देण्याचे समर्थनच उरत नाही.

बाग सोडणाऱ्याला जमीन विकता येत नाही. मंडळाचे जाणकार झाडे व लाउबे यांचे मूल्य ठरवतात आणि नवा भाडेकरू तेवढी रक्कम जुन्याला देतो. मोठ्या शहरांत नव्या माणसाला प्रतीक्षायादीत काही वर्षे काढावी लागतात.

उन्हाळ्यातील जीवन : हंगामाचा खरा आरंभ ११ ते १५ मे या ‘हिमसंतां’च्या, म्हणजे थंडीशी जोडलेल्या ख्रिस्ती संतांच्या, दिवसांनंतर होतो. थंडीची शेवटची लाट या सुमारास येते, असा पिढ्यांचा अनुभव आहे. १५ मे हा ‘थंड सोफी’चा, म्हणजे यांतील शेवटच्या संत सोफी यांचा, दिवस सरल्याशिवाय टोमॅटो, काकडी आणि घेवडा उघड्यावर लावत नाहीत. २४ जून हा संत योहानचा दिवस. त्यानंतर ऱ्हुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचे देठ तोडणे थांबवतात. करंटची लाल फळे पिकतात तीही याच सुमारास, आणि त्यांचे जर्मन नावही या संतावरूनच पडले आहे. जुलैत चेरी, गूजबेरी व नव्या बटाट्यांची, तर ऑगस्टमध्ये झुकिनी, आलुबुखार आणि डेलियाची वेळ.

टोमॅटोची निगा बारकाईने पाहण्याजोगी असते. उन्हाळी पाऊस पानांवर राहिला, की करपा दोन-चार दिवसांत सगळी रांग काळी करतो. म्हणून रोपांवर लाकडी चौकटीचे पारदर्शक छप्पर घालतात, खालची पाने खुडतात, बगलफूट नखाने मोडतात आणि पाणी फक्त बुंध्याशी देतात. ते पाणी शक्यतो लाउबेच्या पन्हाळीखालच्या पिंपातले असते, कारण नळाच्या पाण्याला मीटर आहे आणि गळतीचा वाटा सर्वांच्या बिलात चढतो. सुटीवर गेलेल्याची रोपे शेजारी पाजतो. मोबदल्यात त्या आठवड्यात पिकलेले तोडून न्यायची मुभा त्याला असते. झुकिनी तर इतकी निघते, की फाटकाबाहेर टोपली ठेवून वर ‘फुकट न्या’ अशी चिठ्ठी लावतात.

दर सभासदाने वर्षाला काही तास सामूहिक काम करायचे असते. वाटा साफ करणे, सामाईक कुंपण रंगवणे, मंडळगृहाची डागडुजी अशी ही कामे असून ती चुकवणाऱ्याला तासांप्रमाणे पैसे भरावे लागतात. बहुतेक मंडळांत दुपारी १ ते ३ विश्रांतीची वेळ असते व रविवारी गवतकापणीचे यंत्र चालवत नाहीत. कुंपणाच्या झाडीची उंचीही ठरलेली असते, ती वाटेवरून जाणाऱ्याला बाग दिसावी म्हणून. १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात पक्ष्यांच्या घरट्यांसाठी झाडी मुळापर्यंत छाटण्यास कायद्याने मनाई आहे. फक्त वाढलेल्या फांद्या कातरता येतात. उन्हाळ्यात मंडळाची समिती वाटांवरून फेरी मारते आणि तण, झाडीची उंची व भाजीचा तिसरा हिस्सा तपासते. नंतर येणारे सूचनापत्र हा मंडळांतील कुरबुरींचा नेहमीचा विषय.

वार्षिक उन्हाळी उत्सवात मंडळगृहापुढे लांब बाके मांडतात. सॉसेज भाजतात, घरचे फळांचे केक विकून मंडळाच्या गल्ल्यात भर घालतात. जूनमध्ये लाइपझिगला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. त्यानंतर मुले कागदी कंदील घेऊन बागांमधल्या वाटांवरून मिरवणूक काढतात. एकेकट्या वृद्धांना आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांना शेजार मिळवून देण्याचे या बागांचे काम मोलाचे आहे. बागकामाच्या ग्रंथांत मात्र त्याला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो.

आपत्काळ : १९३३ नंतर मंडळे नाझी राजवटीच्या दावणीला बांधली गेली आणि ज्यू सभासदांना बाहेर काढण्यात आले. तरीही एखाद्या लाउबेने जीव वाचवला. पुढे दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झालेले हान्स रोझेन्थाल (१९२५–८७) हे १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत बर्लिनच्या लिख्टनबर्ग भागातील बागवसाहतीत लपून राहिले. तेथील स्त्रियांनी आपला जीव धोक्यात घालून त्यांना आसरा दिला. बाँबवर्षावाने बेघर झालेली कुटुंबे युद्धानंतर वर्षानुवर्षे लाउबेंतच राहिली. ब्रेमेनमध्ये महापौर व्हिल्हेल्म काइझेन यांनी अशा वास्तव्यास मुभा दिल्याने ती घरे ‘काइझेनघरे’ म्हणून ओळखली जातात.

पूर्व जर्मनीत १९५९ मध्ये बागकरी, वसाहतवासी व लहान प्राणिपालकांचा एकच संघ करण्यात आला. राज्यकर्त्यांना आरंभी ही हौस मध्यमवर्गीय वाटे. पुढे दुकानांतील फळभाज्यांचा तुटवडा पाहून त्यांनीच तिला उत्तेजन दिले. जादा माल सरकारी केंद्रे चांगल्या भावाने घेत. तेथील लाउबे पश्चिमेपेक्षा मोठ्या असत व आठवडाअखेर मुक्कामाची रीत होती. १९९० च्या एकीकरणानंतर कायदेशीरपणे बांधलेल्या मोठ्या लाउबेंना संरक्षण मिळाले.

इतर देश : पोलंड, चेक प्रजासत्ताक, नेदरलँड्स व डेन्मार्क येथे अशा वसाहती आहेत. ब्रिटनमधील बागेचे परंपरागत माप १० रॉड, म्हणजे सुमारे २५० चौ. मी. आहे. तेथे १९०८ च्या कायद्याचा आधार असून शेड केवळ अवजारांपुरती असते, त्यामुळे तेथील उन्हाळा मुक्कामाचा नसून फेऱ्यांचा असतो.