भांगेच्या तेलाने फिट कायमची जाते का?

फिरणारा मेसेज असा: ‘भांगेचं तेल जिभेखाली टाका, फिट कायमची जाईल, गोळ्या बंद.’

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तो पटतो. गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिओल ड्रॅव्हे, लेनॉक्स-गॅस्टो अशा लहानपणीच सुरू होणाऱ्या अवघड प्रकारांत झटके कमी करतं, हे चाचण्यांत दिसलंय. कमी करतं, बहुतेकांचे पूर्ण थांबत नाहीत. आणि ते चालू गोळ्यांच्या जोडीला देतात, त्यांच्या जागी नाही.

आता घरातली बाटली हातात घ्या. डॉक्टर देतात तो डोस साधारण दिवसाला किलोमागे 10 ते 20 मिलिग्रॅम. म्हणजे 20 किलोच्या मुलाला निदान 200. (हिशेब पडताळण्यापुरता आहे, पाजण्यासाठी नाही.) अख्ख्या बाटलीत 300 लिहिलं असेल तर ती दीड दिवसात संपेल! ‘हेम्प सीड ऑइल’ असेल तर ते नुसतं बियांचं तेल. त्यात कॅनाबिडिओल जवळपास नसतंच.

शिवाय कॅनाबिडिओल व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीसोबत घेतलं तर यकृतावर ताण येऊ शकतो, क्लोबाझाम या दुसऱ्या गोळीसोबत गुंगी वाढते. गोळ्या अचानक सोडल्या तर झटका थांबेचना अशी वेळ येते; पाच मिनिटं उलटली की थेट दवाखाना गाठायचा.