इंटरल्यूकिन-२ : मोठी मात्रा आणि छोटी मात्रा

इंटरल्यूकिन-२ हे सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशींना संदेश देणारे प्रथिन, कर्करोगात प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी दिले जाते आणि ल्यूपससारख्या स्वयंप्रतिकार आजारांत (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) तीच शक्ती शमवण्यासाठी त्याच्या चाचण्या चालू आहेत. मोठी मात्रा म्हणजे जोरकस औषध आणि छोटी मात्रा म्हणजे त्याचेच सौम्य रूप, असा समज यातून सहज होतो. पण तो चुकीचा आहे.

मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी १९९२ मध्ये आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या उपचारात दर किलो वजनामागे ६ लाख युनिट दर आठ तासांनी शिरेतून देतात. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला एका वेळी ३ कोटी ६० लाख युनिट, आणि एका फेरीत अशा जास्तीत जास्त १४ मात्रा. केशवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब घसरतो, फुप्फुसांत पाणी साठू शकते, म्हणून रुग्णावर सतत देखरेख ठेवावी लागते. गाठी आकसण्याचे प्रमाण साधारण १५ टक्केच. तरीही ज्या मोजक्या रुग्णांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या, त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे रोगमुक्त राहिले, आणि इतका त्रासदायक उपचार टिकून राहिला तो याच कारणाने.

याउलट, हेपॅटायटिस-सी विषाणूमुळे रक्तवाहिन्यांचा दाह झालेल्या १० रुग्णांना पॅरिसच्या डॉक्टरांनी पाच-पाच दिवसांच्या फेऱ्यांत रोज १५ लाख आणि नंतर ३० लाख युनिट दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठ जणांची लक्षणे सुधारली.

हा फरक घडतो पेशींवरील ग्राहींमुळे, म्हणजे इंटरल्यूकिन-२ ज्यांना चिकटते त्या रेणूंमुळे. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींवर या ग्राहीचे तिन्ही घटक कायम असतात, त्यामुळे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या मारक पेशींना लागते त्याच्या सुमारे शंभरावा हिस्सा सायटोकाइनही त्यांना पुरते. छोटी मात्रा म्हणूनच जवळजवळ त्यांच्याच वाट्याला येते. इंटरल्यूकिन-२ नसलेल्या उंदरांना आतड्याचा दाह होतो हे १९९३ मध्ये दिसले, तेव्हाच खरे तर ते दाह आवरण्यासाठीही लागते याची चाहूल लागली होती.

मोठ्या मात्रेत मारक पेशी जाग्या होतात, पण नियामक पेशीही वाढतातच, आणि कर्करोगात ते नको असते. नियामक पेशींना टाळून मारक पेशींकडे कल राहावा अशा बेताने घडवलेले इंटरल्यूकिन-२ चे बदललेले रूप, बेम्पेगअल्डेसल्यूकिन, मेलानोमाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या कर्करोगाच्या औषधाच्या जोडीने दिले गेले. २०२२ मध्ये हाती आलेल्या निष्कर्षांत, एकट्या निव्होलुमॅबच्या तुलनेत त्याचा काहीही जादा लाभ दिसला नाही.