दख्खनी मेंढीला जुळं कसं मिळालं

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं इतकं क्वचित की ते झालं की वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावर, चर्चा होते. माणदेश, फलटण, लोणंदच्या माळावर पावसाळा सोडला तर चारा बेताचाच, आणि दिवाळीनंतर वाडा निघाला की रोजची चाल वेगळी. अशा ठिकाणी दोन पोटांना पुरेल इतका पान्हा आईला येणार कुठून? दुसरं कोकरू बहुतेकदा दगावायचंच, त्यामुळे जुळ्यातला नर मुद्दाम राखावा असं कुणाला वाटण्याचं कारणही नव्हतं.

एका कोकरावर भागत होतं तोवर मेंढीचं उत्पन्न तीन वाटांनी येत होतं. शेतात खतासाठी मेंढ्या बसवून मिळणारं धान्य आणि रोकड, घोंगडीची लोकर, आणि नर कोकरांची विक्री. लोकर वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो, काळी आणि खरखरीत. तेवढी घोंगडीला चालते, गिरणीला नाही. म्हणून स्वातंत्र्यानंतरची काही दशकं सरकारी सुधारणेचा भर लोकर मऊ करण्यावर होता. मेरिनो आणि रॅम्बुले जातीचे नर आणून दख्खनीशी संकर केले गेले. लोकर बारीक झाली, पण बारीक लोकरीत कुसळं आणि काटे जास्त अडकतात, आणि दाट लोकर घेऊन उन्हात मैलोन्‌मैल चालणं या संकरित जनावरांना झेपत नव्हतं. शिवाय घोंगडी विणणाऱ्या सनगराला हवी होती काळी, राठ लोकर. प्रश्न कापड गिरणीचा होता आणि उत्तर धनगराच्या खांडात शोधलं जात होतं. पुढे मटणाचा भाव चढत गेला आणि लोकरीचा इतका पडला की कातरणीची मजुरीही सुटेना. मग खरा हिशेब एवढाच उरला: वर्षाला एका मेंढीमागे विकायला किती कोकरं?

या हिशेबाचं उत्तर निघालं सुंदरबनातून. पश्चिम बंगालच्या दक्षिण चोवीस परगण्यातली गारोल मेंढी दहा-बारा किलोची, म्हणजे दख्खनीच्या निम्म्याहूनही लहान. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते आणि एका वेताला दोन, कधी तीन कोकरं देते. या मेंढीचा एक जुना प्रवास आहे. 1792 आणि 1793 साली कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला बंगाली मेंढ्या गेल्या आणि तिथल्या कळपांत मिसळून विसरल्या गेल्या. विसाव्या शतकात न्यू साऊथ वेल्समध्ये कूमाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या मेंढवाड्यावर सीअर्स बंधूंनी जास्त पिल्लं देणाऱ्या मेरिनो मेंढ्या जपल्या. 1958 पासून तिथल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने त्यांच्यावर काम केलं. 1980 मध्ये पायपर आणि बिंडन यांनी मांडलं की ही किमया अनेक जनुकांची नसून एकाच मोठ्या जनुकाची असावी. 2001 मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंडमधल्या तीन गटांना तो बदल नेमका सापडला: बीएमपीआर-1बी या जनुकात एका अक्षराचा फरक, ज्याने प्रथिनात 249व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येतं. त्यामुळे अंडाशयातल्या, अंडी ज्यांत वाढतात त्या पुटिका लहान आकारातच पक्व होतात आणि एका माजात एकाऐवजी दोन-तीन अंडी सुटतात. लगेच पुढच्या वर्षी गारोलमध्येही हाच बदल असल्याचं सिद्ध झालं. ऑस्ट्रेलियाचं म्हणून नावाजलेलं हे ‘फेक-बी’ नावाचं जनुक मुळात बंगालचं निघालं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत (नारी) गारोल नर आले ते 1990 च्या दशकात, म्हणजे जनुकाचा पत्ता लागण्याआधीच. संस्था बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये काढली. मेंढ्यांचं हे काम चंदा निंबकर यांनी पुढे नेलं. पहिल्या संकरातच अडचण उघडी पडली. जुळी आली, पण कोकरं बारकी, आणि बाजारात भाव वजनाला मिळतो. म्हणून गारोलचं रक्त निम्म्यावरून पाव, पावावरून अर्धपाव असं घटवत न्यायचं आणि तेवढं एक जनुक मात्र राखायचं, असा मार्ग घेतला. सोबत अंगाने भरलेली कर्नाटकची बन्नूर आणि दुधासाठी इस्रायलची अवासी या जातींचंही रक्त मिसळलं. यातून उभी राहिली ‘नारी सुवर्णा’.

अडचण अशी की हे जनुक डोळ्यांना दिसत नाही. नर तर स्वतः वीतच नाही, तो जनुक बाळगतो की नाही हे त्याच्या मुली व्यायल्यावर कळणार, म्हणजे दोन-तीन वर्षांनी. 2001 नंतर रक्ताच्या थेंबावरून तपासणी शक्य झाली आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने ती इथेच होऊ लागली. डीएनएचा 190 अक्षरांचा तुकडा काढायचा आणि त्याला एका विकराची (एन्झाइमची) कात्री लावायची. तुकडा अखंड राहिला तर जनुक नाही, कापून 160 चा झाला तर आईकडची आणि बापाकडची अशा त्याच्या दोन्ही प्रती आहेत, दोन्ही लांबीचे तुकडे दिसले तर एकच प्रत आहे. एक प्रत असलेल्या मेंढ्यांना सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात. दख्खनी पार्श्वभूमीवर दुसऱ्या प्रतीने फारशी भर पडत नाही, आणि ते बरंच आहे. माळावर तिळी कुणालाच नको आहेत.

जुळ्यांचं खरं गणित गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत ठरतं. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, पण गर्भाचं निम्म्याहून अधिक वजन या शेवटच्या टप्प्यात वाढतं. तेव्हा रोज 200 ते 250 ग्रॅम भरडा आणि पेंड लागते. ती मिळाली नाही तर मेंढी अंगातली चरबी जाळू लागते, कळपामागे रेंगाळते, चारा सोडते, दात खाते, आणि तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. असं दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. एकदा बसली की ती बहुधा उठत नाही. व्यायल्यावर दोन किलोच्या कोकराला तासा-दोन तासांत 100 मिली चीक पोचला पाहिजे, दिवसभरात 300 ते 400 मिली. जुळ्यांतलं धाकटं मागे राहतं, त्याला हाताने सडाला लावावं लागतं. आई आणि दोन्ही कोकरं दोन-तीन दिवस कळपापासून वेगळी ठेवली तर ती दोघांनाही ओळखते. नाहीतर एकच घेऊन चरायला निघून जाते. दूध कमी पडलं तर शेळीचं पाजायचं. वाड्यात मेंढ्यांबरोबर चार शेळ्या असतात त्या यासाठीही.

नर निवडताना मात्र मेंढपाळ अजून चुकतात. जुळ्यातला नर म्हणजे जनुक असलेला नर, असं नाही. एक प्रत असलेल्या आईची निम्मी कोकरं कोरीच निघतात. दोन्ही प्रती असलेला तपासलेला नर कळपात आणला तर त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत मिळते. पण उंची आणि बाजारातला उठाव पाहून जतकडचा, हे जनुक नसलेल्या माडग्याळ जातीचा नर कळपात सोडला की पहिल्या पिढीत निम्म्याच मुलींकडे ते उरतं, आणि पुन्हा माडग्याळच सोडला तर नातींत पाव.