रुंद कयाक लाटेत दगा का देते: सी कयाकच्या डिझाइनची पार्श्वभूमी

सी कयाक, म्हणजे समुद्रात वल्ह्यानं चालवायची लांबट, अरुंद, वरून बंद होडी, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास हाच, बोट स्टेबल किती आहे? आणि उत्तर म्हणून रुंदीचा आकडा पुढे केला जातो. ५० सेंमी म्हणजे डुगडुगणारी, ६० म्हणजे भरवशाची. सपाट पाण्यावर हे खरंच आहे. खवळलेल्या समुद्रात मात्र हे गणित फसतं, आणि ते का फसतं हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कयाक मूळची आर्क्टिकची, त्यात फार शिरत नाही. एवढंच की तिचा एकच ठराविक आकार कधीच नव्हता. पश्चिम ग्रीनलंडची अरुंद, उंचीला बुटकी, बुडाला स्पष्ट कड म्हणजे हार्ड चाईन असलेली. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवरची कयाक, म्हणजे बायदार्का, गोलसर पोटाची, पुढचं टोक दुभंगलेलं. जिथला समुद्र जसा आणि बसणारा माणूस जसा तशी बोट.

आजच्या ब्रिटिश पद्धतीच्या बोटींचं मूळ मात्र बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. १९५९ मध्ये ग्लासगोचा एक विद्यार्थी ग्रीनलंडच्या इलोर्सुइत गावात जाऊन राहिला, तिथल्या कारागिराकडून स्वतःसाठी कयाक बांधून घेतली आणि ती स्कॉटलंडला आणली. पुढे तिची मापं काढली गेली, ड्रॉइंग हातोहात फिरलं, त्यावरून कुणी थोडी मोठी प्लायवूडची बोट केली आणि ७० च्या दशकात त्याच वळणाच्या फायबरग्लास बोटी निघायला लागल्या. १९७५ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडच्या नॉर्डकॅप या भूशिरापर्यंत जायच्या मोहिमेसाठी नवीन डिझाइन झालं, साधारण साडेपाच मीटर लांब, जेमतेम ५३ सेंमी रुंद, आत बल्कहेड म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती आणि डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या झाकणावर, सामान ठेवायला हॅच म्हणजे झडपा. १९७७ मध्ये तशाच बोटी घेऊन चार जण दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून आले. मग काय, सगळ्यांनाच तसली बोट हवी झाली. पण ती आठवड्यांचं सामान भरून चालवायला बनवलेली होती, रिकामी घेऊन रविवारी दोन तास फिरायला गेलं की ती डुगडुगणारच, आणि तिथूनच स्टॅबिलिटीचा वाद पेटला.

स्टॅबिलिटी दोन प्रकारची, प्रायमरी म्हणजे बोट सरळ असताना वाटणारा टणकपणा, सेकंडरी म्हणजे कलल्यावर मिळणारा आधार, असं ढोबळ मानानं शिकवलं जातं. उत्तर अमेरिकेतल्या एका मासिकानं तर बोटींचे स्टॅबिलिटी कर्व्हच छापले, किती अंशाला कलल्यावर बोट किती जोरानं परत उभी राहायला बघते त्याचा आलेख. काम उत्तम होतं, पण लोकांनी त्यातून भलतंच काढलं. त्या मोजणीत बसणारा माणूस म्हणजे बोटीला जखडलेलं वजन, आणि पाणी शांत. खरा माणूस कमरेत सैल असतो, मांड्या डेकखाली रुतवून बोट खाली हलू देतो आणि वरचं अंग सरळ ठेवतो. दुसरं असं की प्रायमरी कमी म्हणजे सेकंडरी जास्त, हे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. रुंद बोटीला आलेखावर बहुतेक वेळा दोन्ही जास्तच मिळतात. अरुंद बोट सुरुवातीला काहीच आधार देत नाही आणि मग कडेवर येताना एकदम घट्ट लागते, तो फरक अंगाला जाणवतो म्हणून तिचं सेकंडरी भारी वाटतं.

आणि मूळ मुद्दा तर याच्याही आधीचा आहे. १८६१ मध्येच एका इंग्लिश इंजिनिअरनं जहाजांच्या डोलण्यावर मांडलं होतं की जहाज लाटेच्या उताराशी काटकोनात राहायला बघतं. म्हणजे स्टॅबिलिटी ही आडव्या जमिनीशी नसते, खालच्या पाण्याच्या पृष्ठभागाशी असते! बाजूनं उभी लाट आली की रुंद सपाट बोट इमानदारीत लाटेबरोबर तिरकी होते आणि माणसालाही तिरकं करते. अरुंद गोलसर बोट लाट खालून जाऊ देते. माझ्या मते हे प्रत्येक बेसिक कोर्सच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आपल्या कोकणातल्या होड्यांनी तोल सांभाळायला उलांडी, म्हणजे बाजूला जोडलेला तरंगता ओंडका, लावली, तो पूर्ण वेगळा मार्ग. गोवा-मालवणला भाड्यानं मिळतात त्या सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वरच बसायच्या कयाक, मात्र रुंदीवरच उभ्या आहेत, बंद खाडीत ठीक, दुपारचा वारा चढल्यावर बाहेर नको.

रडर (पायानं वळवायचं मागचं सुकाणू) की स्केग (मागे बुडाखाली सोडायचं न वळणारं पातं) हे भांडण त्यामानानं सोपं. चालती कयाक बाजूच्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे वळवते, कारण पुढचं टोक पाण्यात दाबलेलं असतं आणि मागचं सैल. स्केग खाली सोडला की मागचं टोक पकड घेतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रुंद बोटी आणि रडर रुजले, ब्रिटनमध्ये स्केग. जुन्या रडरचे पेडल पायाखाली सरकायचे, म्हणजे नेमकं लाटेत पाय रोवायचा तेव्हा आधारच नाही, त्यामुळे स्केगच बरा हे ब्रिटिशांचं म्हणणं मला पटतं. आता फूटरेस्ट पक्का आणि फक्त अंगठ्याकडचा भाग हलणारा असे पेडल आलेत, तरी मागून येणाऱ्या लाटांच्या माथ्यावर रडर हवेत राहतोच.

२०१० च्या आसपास खडकांत आणि सर्फमध्ये, म्हणजे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांत, खेळायच्या बोटी आल्या, लांबीला कमी, बूड सपाट, नाकाकडे भरपूर रॉकर, म्हणजे बुडाचा वर उचललेला बाक. लाटेवर मस्त वळतात, सरळ लांब पल्ल्याला दमवतात. बरीच मॉडेल्स आता तीन मापांत निघतात कारण ५५ किलोचा माणूस ९० किलोवाल्याच्या बोटीत बसला की ती पाण्यावर जास्तच उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत राहतो. तेव्हा दोन बोटींचे आकडे शेजारी ठेवताना त्या कुणाच्या वजनावर आणि किती सामानावर मोजलेत ते आधी बघावं, बऱ्याच ब्रोशरमध्ये ते दिलेलंच नसतं.