पातळ म्हणजे पचायला हलकं?

'बाळाला अजून दात नाहीत, पातळच द्या' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. देणाऱ्यांची माया खरी, पण सल्ला चुकीचा आहे.

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत वरचं अन्न लागतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला त्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी मिळायला हव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाचं पोट मात्र एवढंसं. ते डाळीच्या वरच्या पाण्याने भरलं, तर पोट तट्ट आणि पोषण जेमतेम. जन्मतः साठवलेलं लोहही याच सुमारास संपत येतं, ते पाण्यातून भरून निघत नाही.

चमचा तिरका करून बघा. घास लगेच ओघळला तर तो फार पातळ आहे. चमच्याला धरून राहायला हवा. आणि दातांचं म्हणाल, तर मऊ कुस्करलेलं अन्न बाळ हिरड्यांनीच चघळतं. पहिले दात तर पुढचे, चावायचे नव्हेतच!

सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे. बाळ जिभेने घास बाहेर ढकलतं, तेव्हा 'आवडलं नाही' म्हणून पुन्हा पाण्याकडे वळू नका. गिळायची सवय व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी तोच घास पुन्हा द्या.