हातपाय गाळणं मेंदूला शिकवावं लागत नाही

"स्वतःच्या आयुष्याची जबाबदारी स्वतः घे" हा सल्ला द्यायला एकदम सोपा, पण ज्याला खरंच गरज असते त्याला तो ऐकून बळ येण्याऐवजी बऱ्याचदा तो आणखीच खचतो. असं का होतं ह्यावर मानसशास्त्रात खूप वर्षं काम चाललंय आणि मला मनापासून वाटतं की ते सगळ्यांपर्यंत पोचायला हवं, कारण त्यातलं मुख्य उत्तर मधेच चक्क उलटं झालं.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर ह्या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला (आज वाचतानाही वाईट वाटतं, पण जे कळलं ते मोठं आहे). कुत्र्यांना पट्ट्यांनी अडकवून विजेचे झटके द्यायचे. एका गटाला डोक्याने शेजारची पट्टी दाबली की झटका थांबवता यायचा. दुसऱ्या गटाला अगदी तेवढेच झटके, तेवढाच वेळ, पण त्यांनी काहीही केलं तरी त्यांच्या करण्याने तो थांबायचा नाही. तिसऱ्या गटाला झटकेच नाहीत. मग सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधली बुटकी फळी ओलांडून पलीकडे उडी मारली की सुटका. पहिल्या आणि तिसऱ्या गटातली कुत्री हे पटकन शिकली, दुसऱ्यातली बहुतेक मात्र थोडी धडपडली आणि मग तिथेच बसून झटके सोसत राहिली.

म्हणजे पहिल्या दोन्ही गटांना त्रास सारखाच झाला होता, फरक पडला तो फक्त "माझ्या करण्याने काही होतं का" ह्याने. ह्याला शिकलेली असहायता म्हणायला लागले. आणि त्या कुत्र्यांना परत उभं करायला पलीकडे खाणं टाकणं, हाका मारणं असलं काही चाललं नाही, शेवटी दोरीने ओढून फळीपलीकडे न्यावं लागलं, तेही पुन्हा पुन्हा, आधी जोर लावून, मग ओढ कमी कमी लागायला लागली आणि नंतर ती आपली आपण उड्या मारायला लागली. ह्या सगळ्या कामात मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

मायर नंतर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले, उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०१६ मध्ये दोघांनी मिळून जाहीरपणे लिहिलं की आपला मूळचा सिद्धांत उलटा होता. त्रास खूप वेळ चालला की मेंदूच्या खालच्या भागातल्या सेरोटोनिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात आणि प्राणी गप्प पडतो, हे आपोआप होतं, शिकावं लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा! "हे मी थांबवू शकतो" हे कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग ओळखतो आणि तोच खालच्या पेशींना आवर घालतो. हा पुढचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला तर ज्या उंदरांच्या हातात झटका थांबवणं होतं तेही नंतर असहाय उंदरांसारखेच वागले.

त्यामुळे हातपाय गाळून बसलेल्या माणसाला आळशी म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. शिवाय ताबा ही फक्त मनाची गोष्ट नाही, तो खरोखर असावाही लागतो. ब्रिटनमधल्या दहा हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात असं दिसलं की ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकार जास्त होता. परिस्थितीने बांधलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळं खापर फोडायचं आणि त्याला जबाबदारी म्हणायचं, ह्याला विज्ञानाचा आधार नाही.

मग ज्याच्या हातात थोडंफार आहे त्याने काय करायचं? इथे पीटर गोल्विट्झर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. त्यांनी काही विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी गेली ह्यावर दोन दिवसांत एक रिपोर्ट लिहून पाठवायला सांगितलं. निम्म्यांना एवढंच जास्तीचं सांगितलं की कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आधी ठरवा. ठरवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त जणांनी वेळेत पाठवला, बाकीच्यांपैकी साधारण एक तृतीयांशाने. इच्छा दोन्हीकडे होती, पण "करीन कधीतरी" आणि "संध्याकाळी जेवण झालं की त्याच टेबलावर वही उघडीन" ह्यात मेंदूच्या दृष्टीने फार अंतर आहे, दुसऱ्यात जेवण संपणं हीच खूण होते आणि तेव्हा पुन्हा मनाची तयारी करत बसावं लागत नाही. वाक्य "असं झालं की मी हे करीन" ह्याच साच्यात हवं, आणि काम इतकं छोटं हवं की ते झालं की नाही हे त्याच दिवशी कळेल, कारण "मी केलं म्हणून झालं" ही नोंदच तर मेंदूच्या त्या पुढच्या भागाला हवी असते.

एक अट मात्र संशोधनात स्पष्ट दिसते. ध्येय दुसऱ्याने गळ्यात मारलेलं असेल, आपल्याला मनातून नको असेल, तर हा प्लॅन फारसा चालत नाही. म्हणून वेळ आणि जागा लिहायच्या आधी, हे मला स्वतःला हवंय का, हे ज्याचं त्याने स्वतःशी खरं खरं ठरवावं लागतं.