शिडाच्या नौकेवरील इंटरनेट जोडणी

शिडाच्या नौकेवरील इंटरनेट जोडणी : दीर्घ पल्ल्याचा सागरप्रवास करणाऱ्या, बहुधा नौकेवरच मुक्काम असणाऱ्या प्रवाशांनी किनाऱ्याशी विदा-संपर्क (विदा म्हणजे डेटा) राखण्याची व्यवस्था. मोठ्या जहाजांवरील संपर्कयंत्रणेशी तिचे तत्त्वतः साम्य आहे. मात्र नौकेवर वीज मोजकी असते, अँटेनाला जागा थोडी मिळते आणि वारा भरला की नौका एका कुशीवर कलून तासन्‌तास तशीच चालते. त्यामुळे जहाजावरची साधने येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत.

उगम : या जोडणीचा आरंभ केव्हापासून धरावा, याबद्दल एकमत नाही. इन्मारसॅट ही जहाजांना उपग्रह-संपर्क पुरवणारी संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली व १९८२ मध्ये तिची सेवा सुरू झाली, म्हणून काही जण उपग्रहांपासून सुरुवात धरतात. परंतु तिची सुरुवातीची अँटेना घुमटात बसवलेली, जड आणि लहान नौकेला न पेलणारी होती. अशा नौकांपर्यंत ई-मेल प्रथम सर्रास पोहोचला तो लघुतरंग रेडिओने. तेव्हा आरंभाचा मान त्यालाच देणे अधिक सयुक्तिक वाटते.

या तंत्राची वंशावळ लक्षात घेण्याजोगी आहे. जहाजांसाठीच्या सायटर या रेडिओ-टेलेक्स पद्धतीत तीन-तीन अक्षरांचे गट पाठवले जात व गटाची पोच मिळाल्यावरच पुढचा गट सुटे. हौशी रेडिओचालकांनी १९८० च्या सुमारास तिचे ॲमटर हे रूप रूढ केले. पुढे १९९० च्या आसपास जर्मन हौशी रेडिओचालकांनी ॲमटर आणि पॅकेट रेडिओ (विदेचे छोटे गठ्ठे करून पाठवणारी पद्धत) यांचे गुण एकत्र आणून पॅक्टर ही पद्धत तयार केली. हे नाव त्या दोन नावांच्या जोडातून आले असे सामान्यतः समजले जाते. ‘मध्यस्थ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशीही ते जोडतात. दोन्ही अर्थ चपखल बसत असल्याने एकाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे, की मूळचे समुद्रावरचे तंत्र हौशी मंडळींच्या हातून सुधारून पुन्हा समुद्रावर आले.

संगणकाच्या इतिहासात डेटापॉइंट २२०० या आरंभीच्या संगणकामुळे परिचित असलेले व्हिक पूर यांनी एपीलिंक ही निरोप पोहोचवणारी आज्ञावली लिहिली. विनलिंक हे रेडिओवरून ई-मेल पोहोचवणारे जाळे त्याच परंपरेतले. विनलिंकसाठी हौशी रेडिओचा परवाना लागतो आणि त्यावर व्यापारी मजकूर चालत नाही. ही अडचण ओळखून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिम कोरेनमन व स्टॅन हनी या नौकानयनपटूंनी सेलमेल ही सभासदांची सहकारी व्यवस्था उभी केली. तिला सागरी रेडिओचा परवाना पुरतो.

लघुतरंग आयनांबरावरून (वातावरणाच्या विद्युत्भारित वरच्या थरावरून) परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. दिवसा चढ्या वारंवारतेचे व रात्री उतरत्या वारंवारतेचे पट्टे बहुधा चांगले चालतात. अँटेना म्हणून डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार, म्हणजे बॅकस्टे, दोन्ही टोकांना विद्युत्‌रोधक बसवून वापरतात. भूसंपर्कासाठी तांब्याच्या पट्टीने समुद्राच्या पाण्याशी सांधा साधतात. हा सांधा कच्चा राहिला, तर उत्तम रेडिओसुद्धा निरुपयोगी ठरतो.

उपग्रह : भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवर असतो. प्रश्न व उत्तर मिळून तरंगाला हे अंतर चार वेळा काटावे लागते, एवढ्यातच सु. अर्धा सेकंद जातो. ध्रुवाकडे हा उपग्रह क्षितिजाला टेकतो. इरिडियम या उपग्रह-फोन सेवेचे ६६ उपग्रह सु. ७८० किमी. उंचीवरून ध्रुवांसह सर्व पृथ्वी व्यापतात. त्याची सेवा १९९८ मध्ये सुरू झाली. मूळ विदावेग सेकंदाला २,४०० बिट, म्हणजे मिनिटाला १८ किलोबाइट. एवढ्यात ग्रिब स्वरूपातली हवामानाची छोटी फाइल उतरते, पण दोन मेगाबाइटचे एखादे पान उघडायला पावणेदोन तासांहून अधिक लागतील. म्हणूनच नेमका अक्षांश-रेखांशांचा चौकोन ई-मेलने कळवून तेवढ्याच भागाचा अंदाज मागवण्याची शिस्त रूढ झाली.

स्टारलिंकचे सु. ५५० किमी. उंचीवरील उपग्रह २०१९ पासून सोडले जाऊ लागले व जुलै २०२२ मध्ये त्याची सागरी सेवा जाहीर झाली. वेगाची चर्चा पुष्कळ होते. परंतु खरा बदल अखंडतेचा आहे. हवामान आता मागवावे लागत नाही, ते समोर असते. मोबदला विजेत द्यावा लागतो. ५० ते ७५ वॉट घेणारी अँटेना १२ व्होल्टच्या बॅटरीतून दिवसाला १०० ते १५० अँपिअर-तास ओढते, म्हणून कित्येक जण ती ठरावीक वेळीच चालू ठेवतात.

किनाऱ्यालगत मोबाइलचे जाळे पुरते. ६४ मी. उंच मनोरा डेकवरून, म्हणजे पाण्यापासून २ मी. वरून, सु. ३९ किमी.पर्यंत रेडिओ क्षितिजाच्या आत राहतो, १६ मी. उंच डोलकाठीच्या टोकावरून सु. ४९ किमी.पर्यंत. मात्र लांब केबलमध्ये संदेश क्षीण होतो, तेव्हा राउटर अँटेनाजवळ ठेवणे हिताचे. जीएसएम या जुन्या मोबाइल पद्धतीत कालमापनाची मर्यादा सामान्यतः ३५ किमी. असल्याने तिथे जादा उंचीचा लाभ मिळत नाही. बंदरातील वायफाय जवळपासच चालते, आणि नांगरावर नौका फिरली की तेही तुटते.

संकटसूचक ४०६ मेगाहर्ट्झचा इपर्ब या सर्वांहून वेगळा ठेवावा लागतो. तो शोध-बचावासाठीच्या कोस्पस-सारसॅट उपग्रहांना थेट संदेश देतो व त्याची बॅटरी स्वतंत्र असते. इंटरनेट उत्तम चालते म्हणून तो वगळणे घातक आहे.

कायदा : किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात त्या देशाचे रेडिओ नियम लागू होतात. काही देशांत उपग्रह फोन वा टर्मिनल विनापरवाना बाळगणेही गुन्हा ठरते. हौशी रेडिओचा परवानाही परक्या पाण्यात आपोआप चालत नाही. त्यासाठी त्या देशाची मान्यता किंवा परस्पर मान्यतेचा करार लागतो.